उरलेल्या जागेचे सर

मंडळाच्या वेबसाइटचं उद्घाटन झालं आणि सभागृहातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर अध्यक्षांचा उजवा कान उमटला. कान आणि अर्धी मिशी. बाकीचे अध्यक्ष स्क्रीनच्या बाहेर होते. वेबसाइट मी केली होती.

बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने मोबाईल आडवा करून पाहिला, मग स्वतःची मान आडवी करून पाहिली, मग मोबाईल पर्समध्ये टाकून ती शेजारणीशी बोलायला लागली. त्या दिवशी माझ्याकडे बघायचं टाळणारी ती एकटीच नव्हती.

हे मंडळ माझ्या सासुरवाडीच्या गावाचं. गाव कोकणात, पण निम्मं गाव भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली असं पसरलेलं. ह्या मंडळींच्या वडिलांनी गिरण्यांत दिवस काढले. आता कुणी बँकेत आहे, कुणी कुरिअरमध्ये, कुणाचा स्वतःचा टेम्पो आहे. मी गावचा नाही, नुसता जावई. तरी मला सहचिटणीस केलं, कारण काय, तर ‘जावयबापू कंप्युटरवर बसतत’. विम्याच्या ऑफिसात मी कंप्युटरवर बसतो हे खरं आहे. पण खुर्चीवर बसतो म्हणून कुणी मला सुतारकाम सांगत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

वेबसाइटमागचा हेतू मात्र चांगला होता. गावाकडून माणसं उपचारासाठी मुंबईत येतात. कुर्ल्याच्या टर्मिनसला उतरतात. पुढे कुठे जायचं, कुणाकडे राहायचं, हॉस्पिटलात सोबत कोण येणार, काही ठाऊक नसतं. म्हणून मंडळातल्या मदत करणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर एका पानावर हवे होते. लिंक उघडायची, नंबर दाबायचा, फोन लागला पाहिजे. एवढंच काम. मी डाव्या बाजूला पदाधिकाऱ्यांचे फोटो लावले, उजव्या बाजूला नंबर, आणि माझ्या ऑफिसच्या लांबरुंद स्क्रीनवर ते अगदी झकास बसलं. मोबाईल ही वस्तू अरुंद असते, हे मला उद्घाटनाच्या दिवशी कळलं. नंबर तर कुणाला दिसलेच नाहीत. ते कानाच्या पलीकडे कुठेतरी होते.

या फजितीमुळे मी वेबसाइट करायला शिकवणाऱ्या सरांच्या क्लासला गेलो.

क्लास मुलुंड पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. खाली गाठ्यांचा घाणा उतरला की वर मुलांचं लक्ष उडायचं, आणि सर खिडकी लावून घ्यायचे. बाकावर सगळी माझ्या मुलीच्या वयाची मुलं. मी कोपऱ्यात टेकलो, तसा बाकावरचा प्रत्येकजण थोडा थोडा सरकला. सरांचा चेहरा उजळला.

“बघितलंत? नवीन माणूस आला, कुणी पडलं नाही. सगळे आक्रसले. ह्याला म्हणतात फ्लेक्स, लवचीक मांडणी.”

स्वतः सर मात्र हातांच्या खुर्चीत बसायचे आणि ती खुर्ची कुणासाठी तसूभरही हलायची नाही. “ही फिक्स,” असं ते तिच्याकडे बोट दाखवून शिकवायचे. क्लासमध्ये आक्रसायचं काम विद्यार्थ्यांकडे होतं.

दिसायलाही सर कॉलमसारखेच. उंच, ताठ, खांद्यापासून चपलेपर्यंत एकच माप. शर्ट नेहमी बाहेर, खिशात नेहमी पेन, आणि ते पेन मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. ते फक्त रुंदी दाखवायला असे.

मी माझी वेबसाइट उघडून दाखवली. सरांनी स्क्रीनवरच्या खिडकीची कड माऊसने धरली आणि आत ढकलली, बाहेर ओढली, आत ढकलली, बाहेर ओढली. पेटीवाला भाता मारतो ना, तसं. पान मात्र जागचं हललं नाही. कड आत आली की त्याचा उजवा भाग नुसता कापला जायचा.

“सूर नाही,” सर म्हणाले. “कुणी केलंय?”

“एका ओळखीच्याने,” मी म्हणालो.

“त्याला म्हणावं, पानात दोन कॉलम आहेत. ज्याला आपली रुंदी माहीत आहे, त्याला मोजून द्या. ज्याला माहीत नाही, त्याला उरलेलं सगळं द्या. त्याने दोघांनाही मोजून दिलंय.”

“आणि सर, टक्क्यांत दिलं तर?” बाकावरून एका मुलीने विचारलं.

“टक्के मागणाऱ्यांची ऑफिसं वेगळी असतात,” सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

खरं सांगायचं तर सरांची सगळी विद्या एवढीच होती. एक कॉलम ठरलेल्या रुंदीचा, दुसरा उरलेली जागा घेणारा. बाकीचा अभ्यासक्रम म्हणजे हीच गोष्ट जगात कुठे कुठे दिसते, त्याचं दर्शन. एकदा त्यांनी मला खालच्या बाजूच्या हॉटेलात थाळी खायला नेलं. वाढपी आला, त्याने आमटीची वाटी भातावर ठेवली. सरांनी ती उचलून कडेला लावली. “वाट्या कडेला. वाट्यांना माप आहे. भाताला नाही, भात मधे पसरू दे.” वाढप्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं.

शेअर रिक्षात मागे तिघे बसले की सर खूश असत. रिक्षावाल्याने चौथा माणूस स्वतःशेजारी पुढे घेतला, की त्यांचा तोल जायचा. “अहो, ड्रायव्हरचा कॉलम फिक्स आहे! त्यात कुठे घुसवताय?” चौथा माणूस एकदा मीच होतो. अर्धा रिक्षात, अर्धा मुलुंडमध्ये. सर मागून माझ्या पाठीवर पेन टेकवून बाकीच्या दोघांना सांगत होते, “हे बघा, हे ओव्हरफ्लो. मजकूर चौकटीबाहेर सांडणं म्हणतात ते हेच.”

क्लासची सहल मनोरीला गेली होती. मार्व्याच्या धक्क्यावरून बोट सुटली. मधे स्कूटर आणि मोटारसायकली उभ्या, आणि त्यांच्या भोवती उरलेल्या जागेत माणसं, टोपल्या, एक कुत्रा. मुलं समुद्राचे फोटो काढत होती. सर एकटे समुद्राकडे पाठ करून बोटीच्या मधे बघत होते आणि हसत होते. मी तरी त्यांना इतकं आनंदात दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. कुत्र्याने जागा बदलली तसे ते हळूच “वा” म्हणाले.

घरी जायचा योग एकदाच आला. एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग भिंतीत जायचा, टेबल पलंगाखाली जायचं, इस्त्रीचं टेबल दारामागे. फक्त एक गोदरेजचं कपाट ढिम्म. “ते हिचं,” सर हळू आवाजात म्हणाले. आतून बाई म्हणाल्या, “लग्नात आणलंय मी ते. त्याला हात लावायचा नाही. बाकी काय दुमडायचं ते दुमडा, स्वतःला दुमडा.” सर अभिमानाने माझ्याकडे बघत राहिले. घरात एक तरी फिक्स असावं लागतं, नाहीतर उरलेली जागा कशातून उरणार, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याची मुळं कुठे होती, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तरुणपणी सर एका लहानशा साप्ताहिकात पानं लावायचे. तिथे सगळेच कॉलम फिक्स. मजकूर जास्त झाला की शेवट कापायचा. एकदा एका श्रद्धांजलीचा शेवट कापला गेला. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे आणि’ एवढं छापून साप्ताहिक बाजारात गेलं. ‘आणि’च्या पुढची थोरली सून दुसऱ्या दिवशी अंक घेऊन ऑफिसात आली. सासऱ्यांचं पाच वर्षं अंथरुणातलं सगळं तिने केलं होतं. ती ओरडली असती तर सर विसरले असते. ती फक्त म्हणाली, “माझ्यापुरतीच जागा कमी पडली का हो?”

ते साप्ताहिक पुढे बंद पडलं, पण सरांच्या डोक्यातली ती बाई काही गेली नाही. कॉलम पसरू शकतो, हे कंप्युटरवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपण रडलो होतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी हसलो. मग त्यांचा चेहरा बघून थांबलो.

मंडळाचं पान मग सरांनीच हातात घेतलं. ‘एका ओळखीच्याने’ म्हणजे मीच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणाले, “हे पान कोण उघडणार?”

“गावाकडचे पेशंट. म्हणजे त्यांच्यासोबतचे.”

“कुठे उघडणार?”

“कुर्ल्याला उतरल्यावर.”

सर खुर्चीतून उठले. माझी बॅग एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने माझा कोपर धरला, जणू मीच पेशंट. मग बॅगेच्याच हातात मोबाईल धरून अंगठा तेवढा मोकळा केला. “हा असा उभा राहणार तो माणूस. दोन्ही हात गुंतलेले. पान उघडलं की अंगठ्याखाली पहिला नंबर आला पाहिजे. पदाधिकाऱ्यांचं तोंड त्याने नंतर बघावं, सवड मिळेल तेव्हा.”

त्यांनी केलेलं पान कंप्युटरवर बघाल तर डावीकडे फोटोंचा अरुंद, ठरलेल्या मापाचा कॉलम, आणि उरलेल्या ऐसपैस जागेत नंबर. मोबाईलवर बघाल तर नंबर वर, मोठे, आणि फोटो त्यांच्या खाली. मी लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि कौतुकाची वाट बघत बसलो. अध्यक्षांचा फोन आला.

अध्यक्ष म्हणजे मोठं प्रस्थ. निवृत्त अधिकारी, बोरिवलीला प्रशस्त घर, गाडी. माणूस वाईट नव्हे. पण जाकिटातला तो फोटो त्यांनी खास काढून घेतला होता आणि तो मंडळाच्या स्मरणिकेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे होता.

“जावयबापू, माझो फोटो खंय गेलो?”

“खाली आहे. बोटाने वर सरकवा.”

“सरकवतंय. नंबर... नंबर... अजून नंबरच येतत.”

“अजून थोडं.”

“हां, इलो. म्हणजे ह्या सगळ्यांच्या खाली मी?”

“मोबाईलवरच फक्त. पेशंटना नंबर आधी—”

“नंबर वर आणि अध्यक्ष खाली? असां कसां चलतला? सभा लावा.”

सभा भांडुपच्या एका शाळेच्या वर्गात लागली. सगळी कार्यकारिणी लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे छातीशी. मी सरांना बरोबर नेलं होतं आणि मनात धास्तावलो होतो. रिक्षातल्या चौथ्या माणसावरून भांडणारा हा गृहस्थ, इथे काय करेल कोण जाणे. आणि हे पान बिघडलं तर कुर्ल्याच्या फलाटावर कुणीतरी उभं राहणार, हे मला आता डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, फोटो मोबाईलवरही डाव्या बाजूला, पहिला, आणि कंप्युटरवर असतो त्यापेक्षा केसभरही लहान नको. खजिनदारांनी मान डोलावली. खजिनदार कशालाही मान डोलावतात.

सर उभे राहिले. “लहान करायचा नाही?”

“नाय.”

“खाली न्यायचा नाही?”

“नाय म्हणजे नाय. आणि फोटोखाली माझो नंबर घाला. जाड अक्षरात. अध्यक्ष कोण, ता लोकांका कळाक होया.”

“नंबर जाड,” सर म्हणाले. “मग बाकीच्यांना उरलेली जागा देतो.”

“द्या की! उरलेली सगळी द्या!” अध्यक्ष उदार होऊन म्हणाले. ठराव झाला, चहा आला, टाळ्याही वाजल्या.

बाहेर पडल्यावर मी सरांवर चिडलो. “तुम्ही काही बोललातच नाही! मला वाटलं तुम्ही भांडाल.”

“कॉलमशी भांडायचं नसतं. मागेल ती रुंदी द्यायची.”

“आणि पेशंटचं काय?”

“एक नंबर तर दिसेल ना त्यांना,” सर म्हणाले. “जाड अक्षरात.” आणि मागच्या सीटवर तिसरी जागा रिकामी असलेली रिक्षा बघून ते पळाले.

नवं पान मोबाईलवर उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. अध्यक्षांचा चेहरा जवळजवळ सगळी स्क्रीन भरून. खाली त्यांचा नंबर, टपोरा. उजवीकडे बोटभरही नाही अशी पट्टी उरलेली, आणि तिच्यात मदत करणाऱ्यांची नावं एकेक अक्षर तुटून उभी. नंबरांचे आकडे एकाखाली एक, बेरजेला मांडल्यासारखे. मंडळाने मात्र ‘छान’, ‘अभिनंदन’ असे अंगठे पाठवले. अध्यक्षांनी स्वतः हात जोडलेले पाठवले.

एका सकाळी त्यांचा फोन आला. मागे हॉर्न ऐकू येत होते.

“जावयबापू, वरच्या वाडीतली काकी नवऱ्याक घेवन कुर्ल्याक उतरलीसा. हृदयाचा दुखणा. माका फोन केल्यान!”

“तुम्हालाच का?”

“दुसरो नंबर वाचूकच येना नाय म्हणता! म्हणता, पानावर तुमचोच चेहरो, तुमचोच नंबर, बघून भरवसो वाटलो.”

“मग घाटकोपरवाल्यांना सांगा ना, ते जवळ आहेत. त्यांचा नंबर पानावर आहे.”

“तोच बघी होतंय रे!” अध्यक्ष ओरडले. मालवणीत का होईना, जावयाला ‘रे’ म्हणाले, म्हणजे वेळ कठीण होती. “चष्मो लावन बघितलंय. माकापण वाचूक येना नाय!”

“आता कुठे आहात?”

“हायवेवर. जातंय मीच. ता दोघां उन्हात बसलीसत.”

ते गेले. काका-काकींना घेऊन बोरिवलीला आले, हॉस्पिटलात नेलं, परत आणलं. काका महिनाभर त्यांच्या हॉलमध्ये राहून बरे होऊन गावी गेले आणि गावभर सांगितलं, मुंबईत अध्यक्षांना फोन लावा, स्वतः गाडी घेऊन येतात. मग काय, पान उघडायचीही गरज उरली नाही. मणक्याचे आले, मूतखड्याचे आले, एक गृहस्थ तर नुसते तपासायला आले आणि काही निघालं नाही म्हणून नाराज होऊन राहिले. अध्यक्षांच्या हॉलमधला सोफा गॅलरीत गेला. जाकीट घालून फोटो काढायला त्यांना फुरसत राहिली नाही.

शेवटी फोन आला. आवाज एकदम मऊ. “जावयबापू, सरांक जरा सांगा. फोटो खाली घेवक माझी हरकत नाय.”

“किती खाली घेऊ?”

“खजिनदाराच्या खाली गेलो तरी चलात.”

मी धावत क्लासला गेलो. मला वाटलं सर हसतील, मिरवतील. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि विचारलं, “ठराव झालाय?”

“सर, अहो, ते स्वतःच म्हणताहेत—”

“फिक्स केलं तेव्हा ठराव होता. सोडवतानाही लागेल. नाहीतर उद्या त्यांची झोप पूर्ण झाली की परत वर येतील.”

मग पुन्हा भांडुप, पुन्हा गुडघे छातीशी. ‘अध्यक्षांचा फोटो सन्मानपूर्वक खाली घेण्यात येत आहे’ असा ठराव खुद्द अध्यक्षांनी मांडला. खजिनदारांनी इतक्या जोरात अनुमोदन दिलं की सगळ्यांनी वळून पाहिलं. नंबर वर आले. आठवड्याभरात कुर्ल्याला कोण जाणार याच्या पाळ्या लागल्या, आणि त्यात अध्यक्षांनी एक वार स्वतःकडे मागून घेतला, हेही सांगायला हवं. सरांनी निघताना वर्गाच्या दारात थांबून मला एवढंच विचारलं, “ती काकी, नवऱ्याला घेऊन आलेली, तिचं नाव काय हो?” मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली. तिच्या नावाविना ही गोष्ट त्यांना साप्ताहिकातल्या त्या ‘आणि’सारखी अपुरी वाटत होती.

पुढे क्लासची इमारत पुनर्विकासाला गेली. फरसाणवाला समोरच्या शेडमध्ये गेला, सर बदलापूरच्या पुढे कुठेतरी गेले. मधे एकदा फोन केला होता मी. म्हणाले, “मोठं घर मिळालंय. पलंग कायमचा खाली असतो. करमत नाही.”

एक सांगायचं राहिलं. फोटो खाली घ्यायचा ठराव झाला त्या संध्याकाळी मी घरी आलो तो अगदी फुशारून. बायको वाटण वाटत होती. मी तिच्यासमोर मोबाईल धरला. पान बघ, म्हटलं, नंबर कसे आलेत, वाचायला सोपे, अंगठ्याखाली पहिला. तिने हात पुसला, वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवलं, अध्यक्षांपर्यंत गेली, परत वर आली.

“छान झालंय,” ती म्हणाली. “पण हे सगळे पुरुषच आहेत.”

“मदत करणारे आहेत ते.”

“काकांना अध्यक्षांनी गाडीतून आणलं, ते गावभर झालं. महिनाभर बिनमिठाचं जेवण कुणी केलं? अध्यक्षांच्या बायकोने. फोन मला करायची ती, कोकम चालतं का विचारायला. आणि तुमचा नंबर तिसरा आहे इथे. तुम्ही दिवसा उचलता फोन? मी केला तर ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज येतो. पेशंटला धरून फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाने तो वाचत बसायचा?”

मी म्हटलं, मुद्दा बरोबर आहे, पुढच्या सभेत मांडतो, ठराव करावा लागेल.

“ठराव करत बसा तुम्ही. आधी तुमचा काढून माझा नंबर टाका. अध्यक्षांच्या बायकोला मी विचारते, तिचाही टाका.” तिने मिक्सरचं झाकण दाबलं आणि मग काहीतरी आठवून परत वर केलं. “आणि फोटो मागू नका हं आमचे. माणसं उपचाराला येतात, स्थळ बघायला नाही.”